हुंडणावळीचा हिशोब

साधी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हा पोस्टाचे कमिशन दर वीस रुपयांना एक रुपया होते. लालबागहून लांज्याला हजार रुपये पाठवायचे, तर पन्नास रुपये पोस्टाला द्यायचे. म्हणजे शेकडा पाच. आज दुबईत वायरमनचे काम करणारा खेडचा माणूस घरी चाळीस-पन्नास हजार रुपये टाकतो आणि मार्ग नीट निवडला तर शेकडा दीड-दोन रुपयांत त्याचे काम होते. मध्ये समुद्र आहे, दोन देश आहेत, दोन चलने आहेत. तरी हा पैसा मुंबईहून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरीपेक्षा स्वस्तात पोचतो. मार्ग चुकला, तर मात्र त्याच रकमेतून शेकडा चार-पाच रुपये गळतात आणि गळाले हे पाठवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

जुन्या पेढ्यांवर या खर्चाला हुंडणावळ म्हणत. सावकार आणि व्यापारी ती आण्या-पैशांनी मोजत, तिच्यावर घासाघीस करत. आज ती जाहिरातीतल्या ‘शून्य फी’च्या मागे दडलेली असते. परदेशातून घरी पैसे पाठवण्याचे मार्ग समजून घ्यायचे, तर या हुंडणावळीचा माग काढावा लागतो.

रक्कम काही थोडीथोडकी नाही. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी ११,८७० कोटी डॉलर पाठवले. आपल्या माणसांनी धाडलेला एवढा पैसा जगात दुसऱ्या कोणत्याही देशात येत नाही. त्यातला सुमारे ३८ टक्के वाटा आखातातल्या सहा अरब देशांचा आणि २७.७ टक्के एकट्या अमेरिकेचा होता. राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, २०.५ टक्के. केरळ त्याच्या किंचित मागे, १९.७ टक्के. महाराष्ट्राच्या या आकड्यात पुण्याहून न्यू जर्सीला गेलेला संगणक अभियंता आहे, श्रीवर्धनहून कुवेतला गेलेला ड्रायव्हर आहे आणि वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर असणारा खलाशीही आहे. पण हुंडणावळ तिघांना सारखी पडत नाही. रक्कम जितकी लहान, तितकी ती शेकडेवारीने जड.

दिरहम दुबईतच राहतात

एक्स्चेंजच्या काउंटरवर दिलेले दिरहम भारतात येतात, असे वाटते. प्रत्यक्षात ते दुबईतच राहतात. एक्स्चेंज कंपनीने भारतातल्या एखाद्या बँकेत रुपयांचे खाते आधीच उघडून ठेवलेले असते. बँकेच्या भाषेत ते व्होस्ट्रो खाते. कंपनी त्यात ठोक भावाने मोठमोठ्या रकमा भरत राहते. आपल्या वायरमनने काउंटरवर दोन हजार दिरहम मोजले, की कंपनी भारतातल्या बँकेला निरोप धाडते, अमक्या खात्यात इतके रुपये टाका. बँक कंपनीच्या खात्यातून तेवढे रुपये उचलते आणि एनईएफटी किंवा आयएमपीएसने खेडच्या खात्यात घालते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून रविवारी, सणासुदीला, रात्री-अपरात्रीही चालू असते. त्यामुळे माणूस काउंटरवरून निघून बसस्टॉपवर पोचेपर्यंत घरून ‘पैसे पडले’ असा मेसेज आलेला असतो.

रिझर्व्ह बँक या व्यवस्थेला रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट म्हणते. आखाती देश, सिंगापूर, हाँगकाँग अशा ठिकाणच्या एक्स्चेंज कंपन्यांशी आपल्या बँकांनी असे करार केलेले असतात. घरखर्चासाठी पाठवलेल्या खासगी पैशाला यात वरची मर्यादा नाही. आखातातून येणाऱ्या पैशाचा मोठा भाग याच वाटेने येतो.

निरोप इकडून तिकडे जायचा आणि रोकड जिथल्या तिथे राहायची, ही युक्ती फार जुनी आहे. पेशवाईत काशीयात्रेला निघालेला माणूस थैलीत रुपये बांधून नेत नसे. वाटेत लुटालुटीची भीती असे. तो पुण्यातल्या पेढीवर रक्कम भरून हुंडी घेई आणि काशीतल्या आडत्याला ती दाखवी. दर्शनी हुंडी दाखवताच वटत असे, मुदती हुंडीला ठरलेले दिवस थांबावे लागे, आणि शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसाच्याच हाती पडत, म्हणजे चोरीला गेली तरी चोराला ती वटवता येत नसे. दोन्ही पेढ्यांच्या वह्यांत जमा-नावे होई. उलट दिशेच्या हुंड्यांनी बराचसा हिशोब आपोआप फिटे, उरलेली बाकी माल किंवा चांदी पाठवून पुरी करत. व्होस्ट्रो खाते आज हेच काम करते. फरक इतकाच, की पूर्वी पेढीच्या नावावर विश्वास टाकत, आता दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांनी दिलेल्या परवान्यावर टाकतात.

परवाना असला म्हणून सगळे निर्धोक होते असेही नाही. २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या एका मोठ्या एक्स्चेंज कंपनीचे व्यवहार अचानक थांबले आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेला कारभार आपल्या देखरेखीखाली घ्यावा लागला. पण परवाना असल्यामुळे दाद मागायला निदान एक दार होते.

दुबईत रुपया चालत होता तेव्हा

आखाताशी आपला पैशाचा व्यवहार तेलापेक्षा जुना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुवेत, बहारीन, कतार, दुबई, अबू धाबी आणि मस्कत इथे भारतीय रुपयाच चालत असे. मुंबईच्या व्यापाऱ्याला तिथे चलन बदलावे लागत नसे. याच सोयीतून सोन्याची तस्करी फोफावली. रुपये गुपचूप आखातात जात, तिथे त्यांच्या बदल्यात स्टर्लिंग मिळे, त्यातून सोने येई, आणि रिझर्व्ह बँकेला त्या रुपयांच्या मोबदल्यात परकीय चलन द्यावे लागे. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या आणि क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असलेल्या नोटा काढल्या. त्या भारतात चालत नसत. पुढे कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन सुरू केले. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, एका डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा उरलेल्यांनीही रुपया सोडायला सुरुवात केली. ओमान सर्वांत शेवटी, १९७० मध्ये बाहेर पडला.

त्यानंतर तीनच वर्षांत तेलाचे भाव भडकले. बंदरे, रस्ते, इमारती, शुद्धीकरण कारखाने उभे राहू लागले आणि केरळबरोबर रत्नागिरी-रायगडमधली माणसेही गल्फला निघाली. पण पैसे घरी धाडायची व्यवस्था तोकडी होती. एक्स्चेंजमधून डिमांड ड्राफ्ट काढायचा, तो रजिस्टर पोस्टाने पाठवायचा किंवा सुट्टीवर निघालेल्या गाववाल्याच्या हाती द्यायचा. गावाजवळच्या बँकेत तो भरला, की वटून पैसे हाती यायला आठवडे लागत. घरात आजारपण असले, तर ड्राफ्ट खिशात आणि औषधाला उसनवारी, अशी गत होई.

त्या फटीत हवाला शिरला.

हवाला आणि भावातली दरी

हवालाही तंत्राने हुंडीचाच भाऊ. दुबईतल्या दलालाकडे दिरहम द्यायचे. त्याचा मुंबईतला साथीदार दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून गावच्या घरी रोख रुपये पोचवणार. कागद नाही, पावती नाही, बँकेची खेप नाही. वर भाव बँकेपेक्षा चढा. दलाल दानशूर नव्हता. त्या काळी सरकारने ठरवलेला डॉलरचा भाव वेगळा आणि बाजारातला वेगळा असे. सोन्याच्या आयातीवर बंधने होती, परदेशी चलन मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे सोन्याच्या तस्करांना, खोटी बिले करणाऱ्या आयातदारांना आणि काळा पैसा बाहेर काढू पाहणाऱ्यांना परदेशात परदेशी चलन हवे असे, आणि इथे त्यांच्याकडे रोख रुपयांचा ढीग असे. कामगाराचे दिरहम त्यांच्या कामी येत आणि त्यांचे रुपये कामगाराच्या घरी जात. गावातल्या आईला मिळालेल्या नोटांमागे कोणते सोने कोणत्या किनाऱ्यावर उतरले, हे तिला कुठून कळणार?

हवाला कायद्याने पूर्वीही गुन्हाच होता. १९७३ चा ‘फेरा’ कायदा कडक होता, तरी हवाला चालतच राहिला. धक्का बसला तो भाव बदलल्यावर. १९९२ मध्ये परतणाऱ्या अनिवासी भारतीयांना ठरावीक शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणायची मुभा मिळाली. मार्च १९९३ मध्ये सरकारी आणि बाजारी असे दोन भाव जाऊन एकच उरला. तस्करीतला नफा आटला, तशी दलालाची जादा भाव देण्याची ताकदही आटली. परदेशस्थ भारतीयांकडून अधिकृत मार्गाने येणारा पैसा १९९०-९१ मध्ये सुमारे २१० कोटी डॉलर होता, तो १९९६-९७ मध्ये सुमारे १,२४० कोटींवर गेला. सहा वर्षांत कामगारांचे देशप्रेम सहापट वाढले नव्हते. अमेरिकेत गेलेल्या संगणक क्षेत्रातल्या लोकांचा पैसाही त्यात होता, पण मुख्य म्हणजे सरळ वाट तोट्याची उरली नव्हती.

आजही कुणी ‘जरा बरा भाव देतो’ म्हणून भेटतो. आता मात्र धोका रोकडीपुरता राहिलेला नाही. हल्ली हवालावाला नोटा घेऊन घरी येत नाही, अनोळखी खात्यांतून घरच्यांच्या खात्यात पैसे टाकतो. ते पैसे कुणाला ऑनलाइन गंडवून मिळवलेले असले, तर तपास करणारे पोलीस त्या साखळीतली सगळी खाती गोठवतात आणि त्यात खेडच्या आईचे पेन्शनचे खातेही सापडते. ‘मुलाने पाठवले’ हे सिद्ध करायला तिच्याकडे कागद नसतो. आताच्या ‘फेमा’ कायद्यात तर अशा रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. चार पैशांच्या भावासाठी एवढे ओझे घरच्यांच्या डोक्यावर कशाला?

आजच्या वाटा

एक्स्चेंजमधून थेट खात्यात पैसे टाकणे ही पहिली वाट वर आलीच. अमिरातीत २००९ पासून पगार सरकारच्या नजरेखालच्या व्यवस्थेतून द्यावा लागतो आणि अनेक कामगारांना पगाराचे कार्ड एक्स्चेंजकडूनच मिळते. त्यामुळे पगार घेणे आणि घरी टाकणे एकाच काउंटरवर होते. यात सांभाळायचा तो खाते क्रमांक. आपल्याकडे एनईएफटीने आलेली रक्कम नावावरून नव्हे, क्रमांकावरून जमा होते. एक आकडा चुकला तर पैसे भलत्याच्या खात्यात पडतात आणि परत मिळवायला महिने जातात. नवीन खात्यात पहिल्यांदा लहान रक्कम टाकून पाहणे शहाणपणाचे.

दुसरी वाट रोख रकमेची. पाठवणारा परदेशात पैसे भरतो, त्याला एक संकेतांक मिळतो, तो फोनवर घरी सांगायचा, आणि घरच्याने ओळखपत्र दाखवून जवळच्या बँकेतून किंवा एजंटकडून रोकड उचलायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या मार्गाने एका वेळी २,५०० डॉलरपर्यंतच पाठवता येतात, एका व्यक्तीला वर्षात तीसच वेळा मिळतात, आणि हातात रोख ५० हजार रुपयांपर्यंतच दिले जातात. त्यावरची रक्कम खात्यात जमा होते. पाठवताना लिहिलेले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव यांत अक्षराचा फरक असला, तरी अडवणूक होते. घरात कुणाचे खाते नसेल किंवा रात्रीतून पैसे लागणार असतील, तरच ही वाट. एरवी ती महाग पडते.

तिसरी वाट बँकेतून बँकेत, स्विफ्टच्या निरोपाने. १९७३ मध्ये स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था पैसे हलवत नाही, बँकांचे निरोप हलवते. पाठवणाऱ्या बँकेचा घेणाऱ्या बँकेशी थेट संबंध नसला, तर मध्ये एक-दोन बँका येतात आणि प्रत्येक जण आपले शुल्क कापून घेतो. फॉर्मवर शुल्क कुणी सोसायचे याचे तीन पर्याय असतात: पाठवणाऱ्याने, घेणाऱ्याने, की दोघांनी वाटून. ते न वाचता सही केली, की हजार डॉलर निघतात आणि नऊशे सत्तर पोचतात. घर किंवा जमिनीच्या मोठ्या रकमेसाठी ही वाट ठीक. महिन्याच्या घरखर्चासाठी नाही.

चौथी वाट मोबाइल अ‍ॅपची. पाठवणाऱ्याच्या देशात अ‍ॅप कंपनीचे एक खाते, भारतात दुसरे, आणि मध्ये तोच निरोप. दुकानाचे भाडे आणि काउंटरवरचा माणूस वाचल्याने अनेकदा भाव बरा मिळतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना याची सवय झाली आहे. तिथे १ जानेवारी २०२६ पासून रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा कॅशिअर्स चेक देऊन परदेशी धाडलेल्या पैशावर एक टक्का कर लागतो. बँक खात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या कार्डावरून पाठवलेल्या पैशाला तो लागत नाही. म्हणजे कराचा बोजा पुण्याच्या अभियंत्यावर नाही, रोखीत पगार घेणाऱ्या माणसावर पडतो.

पाचवी वाट अजून तयार होते आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताचे यूपीआय आणि सिंगापूरचे पेनाउ जोडले गेले. तिथल्या माणसाला मोबाइलवरून थेट भारतातल्या खात्यात, दिवसाला एक हजार सिंगापूर डॉलरपर्यंत पैसे टाकता येऊ लागले. त्याच वर्षी जुलैत रिझर्व्ह बँकेने अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेशी दोन करार केले, एक रुपया-दिरहममध्ये थेट व्यवहाराचा आणि दुसरा यूपीआय तिथल्या झटपट पेमेंटच्या व्यवस्थेशी जोडण्याचा. अशा जोडण्या वाढत गेल्या, तर मधल्या दलालीला वावच कमी राहील.

आणि एक वाट दर्यावर्द्यांची. बोटीवरच्या माणसाला बंदरात उतरून एक्स्चेंज शोधायला वेळ कुठला? म्हणून खलाशाच्या पगाराचा ठरावीक भाग कंपनीने परस्पर घरी पाठवायचा, अशी जुनी रीत आहे. तिला अलॉटमेंट म्हणतात. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार जहाजमालकाने ही सोय दिलीच पाहिजे, त्यासाठी घेतलेले शुल्क वाजवी हवे आणि चलन बदलताना बाजारभाव किंवा अधिकृत प्रकाशित भाव धरला पाहिजे, खलाशाचे नुकसान होईल असा नाही. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केला. गोव्या-कोकणातल्या अनेक घरांचा महिना याच अलॉटमेंटवर चालतो. किनाऱ्यावरच्या कामगाराला असा लेखी हक्क क्वचितच मिळतो.

‘शून्य फी’ची किंमत

आता मुख्य हिशोब. समजा, बाजारात एका दिरहमचा खरा भाव २३ रुपये ५० पैसे आहे. एक कंपनी २० दिरहम फी घेते आणि २३.४० चा भाव देते. दुसरी फी घेत नाही, पण भाव २३.१० चा देते. दोन हजार दिरहम पाठवायचे आहेत.

पहिलीकडे फी वजा जाता १,९८० दिरहमांचे ४६,३३२ रुपये होतात. दुसरीकडे पूर्ण २,००० दिरहमांचे ४६,२००. खऱ्या भावाने व्हायला हवे होते ४७,०००. म्हणजे पहिलीची हुंडणावळ ६६८ रुपये आणि ‘फुकट’वालीची ८००.

पण पाचशेच दिरहम पाठवायचे असले, तर चित्र उलटते. पहिली ११,२३२ रुपये देते, दुसरी ११,५५०. या भावांनी १,५६० दिरहमांच्या आत फुकटवाली बरी आणि त्यावर फीवाली. म्हणून ‘कोणती कंपनी स्वस्त’ या प्रश्नाला एक उत्तर नसते, रक्कम सांगितल्याशिवाय ते देताच येत नाही. महिन्यातून चारदा थोडे-थोडे पाठवण्यापेक्षा एकदा पाठवले, तर फीही एकदाच लागते. भारतात चलन बदलल्याच्या सेवेवर थोडा जीएसटीही लागतो, २५ हजार रुपयांपर्यंत ४५ रुपये. दर खेपेला तोही वेगळा.

भावाच्या बाबतीत आखातातल्या माणसाचे एक वैशिष्ट्य आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ ला. त्यामुळे दुबईतल्या कामगाराने आयुष्यात डॉलरची नोट पाहिलेली नसली, तरी त्याचा पगार आतून डॉलरमध्येच असतो. रुपया घसरला, की त्याच्या घरी त्याच दिरहमांत जास्त रुपये पडतात. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांच्या घरात गेला, तेव्हा आखातातल्या एक्स्चेंजसमोर रांगा लागल्या होत्या. कुणी मित्राकडून, कुणी क्रेडिट कार्डावर उचल घेऊन पैसे पाठवत होते. हा सौदा बहुधा अंगाशी येतो. भावातून दोन-तीन टक्के सुटतात आणि कार्डाचे व्याज महिन्याकाठी तेवढेच खाऊन जाते.

भाव चढेल म्हणून पैसे तिकडेच साठवून ठेवण्यातही जोखीम आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. वर्षानुवर्षांची बचत तिथल्या बँकांत आणि मालकांकडे अडकली. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून भरपाई मिळाली, पण त्यासाठी बरीच वर्षे वाट पाहावी लागली.

कुणाच्या खात्यात?

पैसे कसे पाठवायचे याइतकेच कुणाच्या खात्यात टाकायचे हेही महत्त्वाचे. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाने आपले गावातले साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यायचे, असा नियम आहे. भाडे, शेतीचे उत्पन्न, पेन्शन अशी इथली कमाई त्यात येते. परदेशातल्या कमाईसाठी एनआरई खाते. त्यातल्या व्याजावर भारतात आयकर नाही आणि मुद्दल-व्याज कधीही परदेशी परत नेता येते. एनआरई खात्यात जवळच्या नातेवाइकाचे नाव ‘पहिला किंवा मागे राहिलेला’ अशा रीतीने घालता येते. खातेदार हयात असेतोवर ती व्यक्ती मुखत्यार म्हणूनच व्यवहार करू शकते. कायमचे परतल्यावर हे खाते साध्या खात्यात बदलावे लागते.

बहुतेक जण सगळा पैसा बायकोच्या, वडिलांच्या किंवा भावाच्या खात्यात टाकतात. जवळच्या नात्यात दिलेल्या पैशावर घेणाऱ्याला आयकर लागत नाही, ही समजूत बरोबर आहे. मात्र बायकोच्या नावावर ठेवलेल्या ठेवीचे व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरले जाऊ शकते. खरी अडचण कराची नसते, नंतरच्या वाटणीची असते. पंधरा वर्षे भावाच्या खात्यात टाकलेल्या पैशांतून भावाच्या नावावर घर उभे राहते, आणि परतल्यावर आपला हिस्सा सिद्ध करायला हातात फक्त आठवणी असतात. घरखर्चाचे पैसे घरच्यांच्या खात्यात आणि बचतीचे स्वतःच्या एनआरई खात्यात, वारसाच्या नोंदीसह, अशी विभागणी पहिल्या पगारापासून केली तर पुढची भांडणे टळतात. प्रत्येक खेपेची पावती जपली, तर घराच्या कर्जालाही ती उपयोगी पडते.

मोजणाऱ्याला स्वस्त

जगभरात २०० डॉलर पाठवायचा सरासरी खर्च आजही शेकडा सहाच्या वर आहे. २०३० पर्यंत तो तीनच्या खाली आणायचा, असे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्ये लिहिलेले आहे. आखातातून भारताकडे येणारी वाट जगातल्या स्वस्त वाटांमध्ये मोडते. याचे श्रेय कुणाच्या दयेला नाही. तिथे एकेका रस्त्यावर चार-चार एक्स्चेंज आहेत, पाठवणारे लाखोंनी आहेत, आणि शुक्रवारी खोलीवर चहा पिताना ‘आज रेट काय?’ हा प्रश्न विचारला जातो. जिथे विचारणारे कमी, तिथे हुंडणावळ जास्त.

अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ पासून कायदा आहे, की पैसे घेण्याआधी कंपनीने ग्राहकाला तीन गोष्टी लिहून द्यायच्या: फी किती, भाव कोणता, आणि पलीकडे हातात किती पडणार. व्यवहार केल्यावर अर्ध्या तासात तो रद्द करण्याचीही सोय आहे. त्या तीन ओळींतली शेवटची ओळ सर्वांत मोलाची, कारण फी आणि भाव दोन्ही तिच्यात मुरलेले असतात. असा कागद जिथे आपोआप मिळत नाही, तिथे तो मागून घ्यावा. दोन काउंटरवर एकच रक्कम सांगून ‘खेडच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील?’ एवढे विचारले आणि मोठा आकडा देणाऱ्या परवानाधारकाकडे पैसे भरले, की हुंडणावळीचा हिशोब तिथेच संपतो. विचारायला दहा मिनिटे लागतात. महिन्याला शे-दीडशे रुपये जरी वाचले, तरी दहा वर्षांच्या नोकरीत ते पंधरा हजारांच्या आसपास जातात, आणि ते कंपनीच्या वहीत न राहता घरच्या खात्यात पडतात.